अंजनीने अडवून ठेवलेले ब्लाउज

अंजनीची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा बदलापूर पश्चिमेचा सगळा व्यवहार ठप्प झाला होता. निदान माझ्या आठवणीत तरी तसंच आहे. मी बेलवलीतल्या तिच्या दुकानाची पायरी चढत होते. मापाचा ब्लाउज पिशवीत आणि पिशवी काखेत. अंजनी मशीनवर बसली होती आणि तिच्या तोंडात इतक्या टाचण्या होत्या की एखादं साळिंदर जांभई देतंय असं वाटावं. तिने मान वर केली, मला डोक्यापासून पायापर्यंत एकदा पाहिलं, गळ्यातल्या टेपला हातसुद्धा लावला नाही, आणि टाचण्यांच्या फटीतून कारखान्याचा भोंगा वाजावा तशा आवाजात जाहीर केलं, "बेचाळीस."

समोरच्या स्टँडवरच्या रिक्षा बंद पडल्या. भाजीवालीच्या तराजूचं पारडं हवेत थांबलं. वरच्या तारेवरचे कावळे एकमेकांकडे बघायला लागले. माझ्या नवऱ्याला, दिनानाथला, जी गोष्ट मी अख्ख्या संसारात कळू दिली नव्हती, ती बारवी धरणापर्यंत एका दमात पोचली.

"अडतीस," मी कुजबुजले.

"अडतीस मापाच्या ब्लाउजचं असंल," अंजनी म्हणाली. "तो कधीचा? लग्नातला?"

"मुंजीतला. भाच्याच्या."

"भाचा काय करतो आता?"

"इंजिनीअर आहे पुण्याला."

तो ब्लाउज दोन बोटांत धरून तिने बाजूला ठेवला, एखाद्याचा जुना पासपोर्ट फोटो ठेवावा तसा. त्या दिवसापासून मी तिची गिऱ्हाईक झाले. माझं खरं माप ठाऊक असलेल्या बाईला सोडून मी दुसरीकडे जाणार तरी कशी?

अंजनी मूळची बदलापूर गावातली. सासर-माहेर दोन्ही तिथलंच, भातशेतीवाल्यांचं. नवरा कंपनीत होता. तो गेला तेव्हा लेक, किर्ती, बालवाडीत होती. अंजनीने शेताचा आपला हिस्सा दिराच्या भरवशावर सोडला आणि बेलवलीत एक गाळा घेऊन मशीन टाकलं. तिची शिलाई अशी की पाठीला एक सुरकुती पडायची नाही. प्रिन्सेस कट म्हणाल तर खुद्द प्रिन्सेसने येऊन शिकावा. पण तिने आयुष्यात एकही ब्लाउज वेळेवर दिला नव्हता. तारीख ती हसतमुखाने द्यायची. ती तारीख यायची, जायची, तिचं वर्षश्राद्ध व्हायचं, तरी ब्लाउज मशीनच्या मागच्या दोरीवर लटकलेला असायचा. आणि त्याचं नेहमी एकच काम राहिलेलं असायचं. हूक.

"सगळं झालंय गो बाय. फक्त हूक लावायचेत."

अंजनीच्या दुकानात सगळं झालेलं असे आणि फक्त हूक लावायचे राहिलेले असत. बिनहुकाचा ब्लाउज घेऊन बाई जाणार कुठे? बायका चरफडत, आदळआपट करत, आणि पुढच्या आठवड्यात परत येत. बदलापुरातल्या कित्येक नवऱ्या मुलींच्या आया मुहूर्ताला हळदीच्या हाताने अंजनीच्या समोर बसून हूक लावून घेताना मी पाहिल्या आहेत.

तर एकदा डॉक्टर वैदेही आपला ब्लाउज न्यायला आल्या. या बायकांच्या डॉक्टर. अंबरनाथला, शिवमंदिराच्या रस्त्यावर त्यांचा दवाखाना. वयाने लहान, बोलायला कोरड्या, आणि अंजनीकडे आधी किती चकरा झाल्या ते चेहऱ्यावर स्पष्ट.

"आज होणार होता ना, अंजनीताई?"

"होणार होता. पण लाइट गेलती."

"आत्ता आहे की."

"आत्ता हाय. पण मघाशी गेलती ना. मन उडतं मग."

डॉक्टर स्टुलावर बसल्या. दुकानात आम्ही पाचसात जणी होतो, सगळ्या हुकांच्या प्रतीक्षेत. त्यांनी आमच्यावरून नजर फिरवली.

"अंजनीताई, तुमच्याकडे बायका एका ब्लाउजसाठी इतक्यांदा येतात. मी एका तपासणीसाठी एकदा बोलावते तर कोणी फिरकत नाही."

"कसली तपासणी?"

मग डॉक्टरांनी सांगितलं. गर्भाशयाच्या तोंडाला एक कॅन्सर होतो. तो आणणारा एक विषाणू आहे, एचपीव्ही नावाचा. शरीरसंबंधातून येतो आणि बहुतेक सगळ्यांना आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो, यात कुणाच्या चारित्र्याचा काही संबंध नाही. बहुतेकींच्या अंगातून आपोआप निघूनही जातो. काहींच्यात मात्र तळ ठोकून राहतो, वर्षानुवर्षं, काही दुखत नाही, खुपत नाही. तपासणीत तो आधी सापडला तर थोडक्यात काम होतं. आणि लहान मुलींना लस दिली तर तो बहुतेक येतच नाही.

बायका आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होत्या.

"दुसरीकडे करतात का बायका हे?" अंजनीने विचारलं.

"ऑस्ट्रेलियात करतात. मुली, मुलगे शाळेत लस घेतात. बायका ठरल्या वर्षी तपासतात, नमुनासुद्धा स्वतःचा स्वतः घेतात. काही वर्षांनी तिथे हा कॅन्सर औषधालासुद्धा उरणार नाही असं म्हणतात."

"त्यांचं काय, श्रीमंत लोक."

"रवांडा श्रीमंत नाही."

"ते कुठं आलं?"

"आफ्रिकेत. एवढासा देश. तिथे शाळेतल्या मुलींना लस द्यायला लागून कितीतरी वर्षं झाली. भूतानमध्येही."

अंजनीने कात्री खाली ठेवली. "आणि बदलापूर?"

"बदलापूरला ब्लाउजमधून वेळ नाही."

हे तिला लागलं. अंजनीला बदलापूरचा अभिमान फार. कुणी पाण्याला, रस्त्याला, डासांना नाव ठेवलं तर ती डास आपल्या माहेरचे असल्यासारखी भांडते. तिने विचारलं, "आणि अंबरनाथ?"

"अंबरनाथही तसंच."

"मग ठीक," अंजनी म्हणाली. पण ते ठीक नव्हतं, कारण तिने डॉक्टरांचा ब्लाउज दोरीवरून काढला आणि तिथल्या तिथे हूक लावून दिला. असं आधी कधी घडलं नव्हतं. आम्ही सगळ्या घाबरलो.

डॉक्टर गेल्यावर ती मला म्हणाली, "उमाताई, मोरिवलीची विठा आठवते?"

आठवत होती. मोरिवलीहून यायची, तिथेच कारखान्यात पॅकिंगला होती. हसरी, अंगाने भरलेली.

"एका वर्षात तिचे ब्लाउज मी किती वेळा आत घेतले. दर वेळेला ती यायची, म्हणायची, अंजू, सैल झाला. मी म्हणायची, काय गो, बारीक झालीस, मस्त दिसतेस, कुठला डाएट? ती हसायची. मी शिवण आत घेत गेली. तिला हेच झालेलं."

विठाचा शेवटचा ब्लाउज दुकानातच राहिला होता. हूक लावलेला.

दुसऱ्या दिवसापासून बेलवलीत नवा कायदा आला. कायदा साधा होता. तपासणी करून या, मग हूक.

तीस वर्षांवरच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो लागू होता. आधी बायकांनी ते चेष्टेवारी नेलं. मग लग्नसराई तोंडावर आली आणि दोरीवरचे ब्लाउज वाढायला लागले. आता मात्र अंजनीच्या उशिराला तात्त्विक बैठक मिळाली होती. पूर्वी उशीर झाला की ती निदान लाजायची. आता ती मान ताठ करून म्हणायची, "माझ्याकडून उशीर नाय. तुझ्याकडून हाय."

बायकांनी पळवाटा काढल्या. एकीने सांगितलं, मी करून आले. अंजनीने विचारलं, "कुठं?" "अंबरनाथला." "टेबलावर झोपलीस?" "झोपले." "वर काय दिसलं?"

यात एक गोम होती. डॉक्टर वैदेहींच्या जागेत आधी लहान मुलांचा दवाखाना होता. जुन्या डॉक्टरांनी भिंतीवरचे ससे-हत्ती खरवडून नेले, पण तपासणीच्या टेबलाच्या बरोबर वर, छताला चिकटवलेला एक पाणघोडा काही निघाला नाही. तिथे आडवी झालेली बाईच तो पाहू शकायची. अगदी पहिल्यांदा जाऊन आलेल्या गिऱ्हाइकाने हे अंजनीला हसत हसत सांगितलं, आणि अंजनीने त्याचा दाखला करून टाकला. पाणघोडा दिसला म्हणाली तर हूक. पंखा, ट्यूबलाइट, जळमटं, देवीचा फोटो असं काही सांगितलं की ब्लाउज परत दोरीवर.

माझा डाळिंबी ब्लाउजही त्या दोरीवर होता. पुतणीच्या लग्नाचा, कोपरापर्यंत बाही, मागे बारीक गोंडे. मी अंजनीला म्हणाले, "अगं, मी तुझी इतकी जुनी मैत्रीण."

"म्हणून तर. आधी तू जा."

"मला काही होत नाही."

"विठालाही काही होत नव्हतं," ती म्हणाली आणि मशीन सुरू केलं.

मी गेले. तपासणीबद्दल लिहावं असं काही नाही. दात काढण्यापेक्षा सोपी आणि पापड लाटण्यापेक्षा लवकर होते. मी वर बघत होते, पाणघोडा खाली बघत होता, दोघंही संकोचलेले. डॉक्टरांनी विचारलं, "दुखतंय का?" मी म्हणाले, "नाही, पण याच्याशी ओळख करून दिलीत तर बरं होईल." तेवढ्यात संपलंसुद्धा. दिनानाथने घरी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, पाणघोडा दिसला. तो जपून चहा करायला गेला.

त्या दिवसांत अंजनीचं दुकान म्हणजे बघण्यासारखी जागा झाली होती. ज्या बायका आयुष्यात 'कंबर दुखते' यापलीकडे स्वतःच्या शरीराबद्दल बोलल्या नव्हत्या, त्या अस्तराचा रंग निवडता निवडता गर्भाशयाच्या तोंडाबद्दल बोलत होत्या. सासवा सुनांना घेऊन जात होत्या, सुना सासवांना ढकलत होत्या. अंजनी मधे बसून चुकीची माहिती पूर्ण आत्मविश्वासाने देत होती. ऑस्ट्रेलिया तिने आफ्रिकेत नेला होता आणि रवांडाच्या बायका ब्लाउज घालतात की नाही यावर तिचं ठाम मत होतं. किर्ती नववीत. तिला अंजनीने पहिल्याच आठवड्यात लस देऊन आणली होती आणि त्या सुईचं वर्णन ती असं करायची की जणू किर्तीने सीमेवर गोळी झेलली. "माझी पोरगी रवांडाच्या बरोबरीला हाय आता," ती सांगायची.

बदलापूर, अंबरनाथ, पार वांगणीपर्यंतच्या बायका जाऊन आल्या. या सगळ्यात एकच बाई राहिली होती, आणि ती गळ्यात टेप घालून आमच्यासमोर बसली होती. आमच्या कुणाच्या ते ध्यानातच आलं नाही. दिवा लावणाऱ्याकडे कोण बघतं?

बघितलं ते सोनियाने. सोनिया उल्हासनगरची, सिंधी. कॅम्प दोनमध्ये तिचं मॅचिंग सेंटर आहे. अंजनीचं सगळं अस्तर, फॉल, लेस तिथून येतं. त्या बदल्यात सोनियाचे ड्रेस अंजनी शिवते, म्हणजे शिवणार असते. अंजनी तिच्याहून मोठी, म्हणून सोनिया तिला 'अदी' म्हणते, सिंधीत ताई. सोनियाचा मोरपिशी ड्रेस दोन महिने अडकला होता. शेवटी तीही अंबरनाथला जाऊन आली आणि थेट दुकानात शिरली.

"अदी, देखा मैंने तेरा पाणघोडा. हूक लाव."

"ड्रेसला हूक नसतो, चेन असते," अंजनी म्हणाली. "लावते. बस."

सोनिया बसली. धंद्यातली बाई, तिची नजर फार बारीक. ती सहज म्हणाली, "लेकिन वो पाणघोडा हातात काय घेऊन उभा आहे, मजा आली मला. क्या घेऊन उभा आहे, अदी?"

अंजनीने चेन शोधायला डबा उघडला.

"अदी, मी विचारते, त्याच्या हातात काय आहे?"

"पाणघोड्याच्या हातात काय असनार," अंजनी म्हणाली. "त्याला पाय असतात."

दुकानातल्या आम्ही सगळ्याजणी हळूहळू मान वर करत गेलो. छत्री. त्या पाणघोड्याच्या हातात लाल छत्री होती, इतकी मोठी, की ती न दिसणं शक्यच नव्हतं. आणि अंजनीला ती माहीत नव्हती.

"तू गेलीच नाहीस," सोनिया म्हणाली. "सब को भेजा. खुद नहीं गयी."

अंजनीने मान खाली घालून मशीन चालवायला सुरुवात केली. सुईत दोरा नव्हता. तसंच रिकामं मशीन ती कितीतरी वेळ चालवत राहिली.

बायका गेल्यावर मी थांबले. किर्ती शाळेतून आली होती, कोपऱ्यात वडापाव खात होती.

"मला कशाला पायजे?" अंजनी म्हणाली. "नवरा जाऊन किती वर्षं झाली. आता मला कोन देनार तो विषाणू? पोस्टाने येतो का?"

"जुना असेल तर? डॉक्टर म्हणाल्या ना, वर्षानुवर्षं राहतो."

"तू डॉक्टर हायस का?"

"तू तरी आहेस का? निम्म्या तालुक्याला पाठवलंस."

किर्ती म्हणाली, "काकी, ती घाबरते. मी कितीदा बोलले. आई, मी तर सुई घेतली. यात सुईपण नाय."

"तू गप ग."

मग टाचण्या उशीत एकेक खोचत ती म्हणाली, "मला नाय माहीत तोपर्यंत मी बरी हाय, उमाताई. निघालं काही, तर हिचं काय? दीर हाय तो भाताला पाणी द्यायचं विसरतो. हिला काय बघनार?"

मी घरी गेले.

पण सोनिया गप्प बसणारी नव्हती. तिने फोनाफोनी केली आणि तीन गावांतल्या बायकांनी मिळून असा संप केला जो कुठल्याही कामगार संघटनेला सुचला नसता. अंजनीकडून कुणी ब्लाउज न्यायचाच नाही.

पहिले दोन दिवस तिला कळलंच नाही. मग ती हूक लावून बसायला लागली आणि कुणी येईना. दोरी भरली, खिडकीचे गज भरले, पंख्याला हँगर लटकले. तिने फोन केले. "झालाय गो तुझा." पलीकडून उत्तर यायचं, "असू दे. माझं मन उडालंय." एकीने सांगितलं, लाइट गेली होती. एकीने सांगितलं, शुक्रवारी बारवीचं पाणी बंद असतं, त्या दिवशी मी कुठे जात नाही. तिची सगळी कारणं बायकांनी इतकी वर्षं जपून ठेवली होती, ती एकेक करून परत केली. पाणघोडा बघूनही इतके दिवस रेंगाळलेला माझा डाळिंबीही तयार होता. पुतणीच्या लग्नाला मी जुना हिरवा घालून गेले आणि कुणी विचारलं तर अभिमानाने सांगितलं, आमचा संप आहे.

अखेर एका दुपारी तिने मला बोलावलं. दुकानात सोनिया आधीच येऊन बसली होती. दोघी भांडून दमलेल्या दिसत होत्या.

"जाते," अंजनी म्हणाली. "पण अशी नाय जानार."

तिने हात वर केला. काखेत सेफ्टी पिन होती. आम्ही पहिल्यांदाच नीट पाहिलं. अख्ख्या बदलापूरला नटवणाऱ्या या बाईच्या अंगावर वर्षानुवर्षं तेच चारसहा जुने, उसवलेले, ठिगळ लावलेले ब्लाउज होते. स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही. टेप पाठीमागे जातो आणि मान वळली की आकडा बदलतो. दुसऱ्या शिंप्याकडे जायचं तर ते तिच्या जिवावर यायचं. नवरा होता तोवर तो घ्यायचा माप, तेही चुकीचं.

"आण टेप," मी म्हणाले.

इतक्या वर्षांनी देवाने ही संधी दिली होती. मी टेप तिच्याभोवती फिरवला, सोनियाने मागून धरला, किर्तीने आकडा पाहिला. मी दुकानाच्या दारात गेले आणि रिक्षास्टँडकडे तोंड करून, पोटातून आवाज काढून सांगितलं, "चव्वेचाळीस."

रिक्षा बंद पडल्या नाहीत. एक रिक्षावाला फक्त म्हणाला, "मावशी, कुठं जायचंय?" पण अंजनी इतकी हसली, इतकी हसली, की मशीनवर डोकं ठेवून तिला रडू आलं, आणि मग पुन्हा हसू.

तो ब्लाउज तिने त्याच दुपारी कापला आणि संध्याकाळी शिवून पुरा केला, हुकांसकट. बदलापूरच्या इतिहासात तिने वेळेवर पुरा केलेला हा एकमेव ब्लाउज. मोरपिशी. सोनियाच्या ड्रेसमधलं कापड उरलं होतं असं तिने सांगितलं. सोनियाने आपल्या ड्रेसची उंची बघून सुस्कारा सोडला.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघी अंबरनाथला गेलो. अंजनी आत गेली. आम्ही बाहेर बसलो. थोड्या वेळाने आतून तिचा आवाज आला, "अगं बाय, छत्रीच हाय की."

रिपोर्टला काही दिवस लागले. त्या दिवसांत तिने सगळे ब्लाउज पोचवले, घरोघर, स्वतः जाऊन. मला वाटतं ती एके ठिकाणी बसू शकत नव्हती. माझ्याकडेही आली. मी म्हटलं, तुझा रिपोर्ट आल्याशिवाय मी घेणार नाही, संप म्हणजे संप. ती डाळिंबी ब्लाउज परत घेऊन गेली.

रिपोर्टमध्ये विषाणू निघाला.

डॉक्टरांनी फोन केला तेव्हा मी दुकानात होते. अंजनी 'हं', 'हं' म्हणत ऐकत होती आणि कात्रीने हवा कापत होती. फोन ठेवून ती म्हणाली, "पोस्टाने नाय आला. घरातच होता."

पुन्हा अंबरनाथ. या वेळी डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघितलं. एक छोटासा चट्टा होता, कॅन्सर नव्हे, पण सोडला असता तर काही वर्षांनी झाला असता असा. त्यांनी तिथल्या तिथे एका गरम उपकरणाने तो जाळून टाकला. भूल नाही, टाका नाही. बाहेर बसलेल्या आम्हाला चहा सांगितला होता तो येण्याआधी ती बाहेर आली.

किर्तीने विचारलं, "झालं?"

"झालं."

"दुखलं?"

"तुझी सुई जास्त दुखली असंल," अंजनी म्हणाली. मग चहा आल्यावर ती कप हातात धरून बसली. प्यायलीच नाही. किर्तीने तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं तसा तिने चहा लेकीला देऊन टाकला. "विठाला एवढंच करायचं होतं," ती म्हणाली. "चहा यायच्या आधी."

परत येताना रिक्षात ती ओरडून सांगत होती की रवांडात बायकांना यासाठी किती लांब जावं लागत असेल, बदलापूर बघा, इथल्या इथे. अंबरनाथ म्हणजे इथल्या इथेच हे तिने आयुष्यात पहिल्यांदा मान्य केलं. सोनिया म्हणाली, "अदी, अब उल्हासनगर." अंजनीने ताबडतोब ठरवून टाकलं की उल्हासनगरला अस्तर घ्यायला येणाऱ्या प्रत्येक शिंपिणीला सोनियाने मॅचिंग द्यायचं नाही, तपासणी होईपर्यंत. सोनिया धंद्यातली बाई, ती म्हणाली, बघते. तिने नंतर खरंच काहीजणींची लेस अडवून ठेवली असं ऐकलं.

वर्षाने पुन्हा तपासणी झाली. नीट आली. अंजनीने दुकानात पेढे वाटले आणि विचारणाऱ्या प्रत्येकीला सांगितलं की पाणघोडा बरा आहे.

आता माझाही संप संपला. मी डाळिंबी ब्लाउज घ्यायला गेले. त्याचा एक गोंडा सुटला होता, तो लावून देते म्हणाली. तो लागायला दिवाळी आली. घरी येऊन घालून पाहिला तर काखेत घट्ट होत होता. मी तो बोहारणीला दिला. त्यावर एक चहाची गाळणी आली.